पूररेषेतली खाच

मला वाकडं काही बघवत नाही. कुणाच्या घरी गेले आणि भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं दिसलं तर मी उठून ते सरळ करते. मग घरची बाई ओशाळते आणि मीही ओशाळते. ही खोड जन्माची नाही, ती मला नोकरीने लावली. तिच्यापायी माझ्या हातून जे झालं ते मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही.

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात मी आयटीआयचा ड्राफ्ट्समनचा कोर्स केला आणि नाशिकात नकाशांच्या एका सरकारी कचेरीत अनुरेखक म्हणून लागले. दुसऱ्याने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि तो नकाशा शाईने तसाच्या तसा उतरवून घ्यायचा, एवढंच काम. स्वतःचं डोकं चालवायचं नाही, हे पहिल्याच दिवशी बजावून सांगितलं होतं. आम्ही तिघं अनुरेखक होतो, त्यात बाई मी एकटी. कोपऱ्यात अमोनियावर प्रिंट काढायची पेटी होती आणि तिच्या वासाने डोळ्यांना सतत धार लागलेली असायची. नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, बाईंना कुणीतरी बोललं वाटतं.

आमचे हेड ड्राफ्ट्समन निवृत्तीला आलेले होते. स्वभावाने तिरसट, पण शिकवताना हातचं राखायचे नाहीत. शाई चुकली तर ब्लेडच्या अर्ध्या तुकड्याने ती अलगद कशी खरवडायची आणि तिथला कागद नखाने घासून पुन्हा गुळगुळीत कसा करायचा, हे त्यांनी मला शिकवलं. आणखी एक गोष्ट शिकवली. "बाई, नदीची रेघ असो नाहीतर नाल्याची, ती वाहती पाहिजे. मध्येच दचका दिसला की समजायचं, काढणाऱ्याचा हात हलला." माझ्या पहिल्या सहा महिन्यांच्या कामात त्यांनी इतके दचके दाखवले, की पुढे मला दचका दिसला रे दिसला की हात आपोआप वळणपट्टीकडे जायचा. ती पट्टी लावायची, रेघ गोल करून घ्यायची. सुंदर दिसायची. साहेब मान डोलवायचे आणि माझा दिवस चांगला जायचा.

वडलांना आम्ही दादा म्हणायचो. ते सातपूरच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात माल तपासायला होते. त्यांच्या हातात दिवसभर दोन तोंडांचं गेज असायचं. एक तोंड नगात शिरलं पाहिजे, दुसरं शिरता कामा नये. केसाएवढा फरक पडला तरी नगावर लाल रंगाची फुली. जो नग पास होईल त्यावर तपासणाऱ्याने आपला नंबर ठोकायचा. त्या ठशाला पंच म्हणत. दादांचा नंबर अकरा होता. गिऱ्हाइकाकडून माल परत आला की कारखान्यात सगळ्यात आधी पंच बघायचे. "बिघाडणाऱ्याचं नाव मागून इचारत्यात. पास कोणी केलं ते आधी," असं दादा सांगायचे. अकरा नंबरचा माल कधी परत आला नव्हता. त्यांना गर्व म्हणाल तर तेवढाच होता.

आईला या तपासणीचा वैताग यायचा. तांदूळ निवडून झाले तरी दादा ताट उजेडाला धरून बघायचे. "भाकरीला बी लावा तुमचं ते गेज," आई म्हणायची, "म्हंजी कळंल तरी, मी पास का नापास."

आम्ही गावाकडून आलेलो. गावात आमची बौद्धांची वस्ती नदीच्या उताराला, सगळ्यात खाली. पाणी आधी आमच्या दारात यायचं आणि मग वरच्या गावाला खबर लागायची. मोठ्या पुरात आमचं घर गेलं तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. दादा पहिल्या पाळीला इकडे नाशकात होते. ते गावी पोहोचले तेव्हा घराच्या जागी नुसता गाळ होता आणि गाळातून आमच्या जात्याचा खुंटा तेवढा वर आलेला. त्यानंतर आम्ही सगळेच सातपूरला भाड्याच्या दोन खोल्यांत आलो. दादा त्या खुंट्याबद्दल कधी बोलायचे नाहीत, पण पावसाची झड लागली की उंबऱ्यात उभे राहून रस्त्यावरून पाणी कुठल्या बाजूला वाहतंय ते बघत राहायचे.

कारखान्यातल्या लोकांनी मिळून घरबांधणी सोसायटी काढली तेव्हा दादा पहिल्या विसांत सभासद झाले. जमीन मिळाली ती सातपूरच्या उताराला, एक नाला जिथे गंगेला मिळतो त्या कोपऱ्यात. गोदावरीला नाशिकचं माणूस गंगाच म्हणतं. वरच्या अंगाची चांगली जमीन कामगारांच्या आवाक्यात कुठली असणार! बेचाळीस प्लॉट आखले होते. यादीच्या क्रमाने दादांना सतरावा नंबर आला.

"पुन्हा पाण्याकाठीच?" आईने विचारलं.

"गावात जागा दुसऱ्यानं नेमून दिली व्हती," दादा म्हणाले. "ही आपण नेमलीय."

एका रविवारी ते मला तिथे घेऊन गेले. बाभळी आणि कुसळं, दुसरं काही नव्हतं. दादांनी पावलं टाकून स्वयंपाकघर मोजलं, न्हाणीघर मोजलं, आणि तुळतुळीत सोललेली एक काठी मधोमध रोवली. त्या दिवशी ते मला जितके मोकळे दिसले तितके त्याआधी दिसले नव्हते आणि नंतरही नाहीत. मी मनात म्हटलं, या माणसाला एवढं एक मिळू दे.

मग सोसायटीचा नकाशा मंजुरीसाठी आमच्याच कचेरीत आला. शहराच्या विकास आराखड्यात राहायच्या जागेला पिवळा रंग होता आणि मोकळ्या ठेवायच्या जागेला हिरवा. बेचाळिसातले नदीकडचे काही प्लॉट हिरव्यात जात होते, ते पहिल्या फेरीतच गेले. सोसायटीच्या सेक्रेटरींना मी तिथे नोकरीला आहे हे ठाऊक होतं. ते हसत हसत म्हणायचे, "पोरी, पिवळ्या रंगाची बाटली तुझ्याच टेबलावर असती ना? जरा सांड की इकडं." मी हसण्यावारी न्यायचे. माझ्या वडलांचा प्लॉट त्यात आहे हे मात्र मी कचेरीत कुणाला सांगितलं नाही. विचारलंच नाही कुणी, आणि मीही तोंड उघडलं नाही. पहिली चूक तीच होती, पण तेव्हा ती चूक वाटली नाही.

पुढची तपासणी पाण्याची होती. सांडपाणी कुठे जाणार, विहिरी कुठे खोदणार, नदीला त्रास होईल का, हे बघायला एक अधिकारी जागेवर आले. त्या दिवसाची हकीकत मला सेक्रेटरींनी तक्रार म्हणून सांगितली. नाल्यातून दुधासारखं पांढरट, चिकट पाणी वाहत होतं. अधिकाऱ्यांनी बाटली भरली आणि विचारलं, हे कुठून येतं? सगळे सभासद एकमेकांकडे बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, वरती धोबी असतील. तेवढ्यात दादा पुढे झाले आणि म्हणाले, "धोबी नाय साहेब. कुलंट हे. मशिनीवर थंडाव्याला सोडत्यात ते. दुसऱ्या पाळीला टाक्या धुत्यात तवा येतं. आमच्याच कारखान्याचं."

खरं बोलल्याचा परिणाम झाला. नाल्याच्या तोंडाशी असलेली एक रांग रद्द झाली, विहिरी बंद, आणि सांडपाण्याची एकच सामाईक टाकी वरच्या बाजूला बांधायची अट आली. "गप बसले असते तर आठ जणांचे प्लॉट वाचले असते," सेक्रेटरी मला म्हणाले. मी घरी येऊन दादांना विचारलं. ते पायताण काढत म्हणाले, "त्याच पाण्यात पोरं खेळली असती. मग?"

ज्यांचे प्लॉट गेले त्यांत कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटणाऱ्या एक मावशी होत्या. नवरा भट्टीवर असताना गेलेला, पदरात एक मुलगी. दादा त्यांच्याच हातची पोळी वर्षानुवर्षं खात होते. मावशींचा प्लॉट आपल्या बोलण्याने गेला हे त्यांना लागलेलं होतं. एकदा जेवता जेवता ते नुसतंच म्हणाले, "बाई काय बोलली नाय. पोळी वाढली आन् गेली."

शेवटचा टप्पा होता पूररेषेचा. मोठ्या पुराचं पाणी जिथवर आलं होतं तिथवर एक निळी रेघ काढायची आणि रेघेच्या आत घर बांधू द्यायचं नाही. पाणी कुठवर आलं हे ठरवण्याची मोजणीदारांची एक रीत होती. काठच्या बायका पूर ओसरला की पाणी जिथून मागे फिरलं तिथे गंगेची ओटी भरतात आणि त्या जागेवरच्या एखाद्या दगडाला शेंदूर लावतात. इथवर आलीस, आता पुढे येऊ नकोस, असा त्याचा अर्थ. मोजणीदार ते शेंदराचे दगड शोधायचे, त्यांची उंची घ्यायचे आणि आपल्या वहीत लिहून ठेवायचे. तेवढ्यावर पेन्सिलीची रेघ निघायची. ती आमच्याकडे आली की आम्ही शाईने पक्की करायची.

नेमका जुलै होता. पावसाळ्यात ट्रेसिंगचा कागद हवेतलं पाणी पिऊन फुगतो आणि दोन ताव शेजारी ठेवले की जोडावर रेघा जुळत नाहीत. एका तावावरची रेघ दुसऱ्यावर सुतभर खाली सुरू होते. हे नेहमीचं होतं. अशा वेळी जोडाच्या दोन्ही बाजूंना थोडं थोडं सावरून घ्यायचं, ही आमची पद्धत. आमच्या नाल्याची जागा बरोबर दोन तावांच्या जोडावर आली होती. निळी रेघ नदीच्या कडेने सरळ येत होती, जोडाशी एकदम आत वळत होती, आणि पुढच्या तावावर पुन्हा बाहेर येऊन सरळ जात होती. बोटाच्या पेराएवढी खाच. तिच्यात तीन प्लॉट अडकत होते आणि त्यांतला एक सतरा नंबर होता.

मी ती खाच बघितली आणि मला दचका दिसला. खरंच दिसला. फुगलेला कागद, न जुळणारा जोड, हललेला हात. मी वळणपट्टी लावली आणि रेघ गोल करून पुढे नेली. सतरा नंबर रेघेच्या बाहेर, कोरडा राहिला. मोजणीदाराची वही कपाटात होती, माझ्या खुर्चीपासून दहा पावलांवर. शंका आली तर वही काढून बघायची, असा नियम होता. मला शंका आली नाही. हेड ड्राफ्ट्समन आले, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी रेघ बघितली आणि म्हणाले, "आता कसं वाहतंय."

मी हे मुद्दाम केलं का? हा प्रश्न मी स्वतःला शेकडो वेळा विचारला आहे. मुद्दाम नाही केलं, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकते. पण तीच रेघ उलट जाऊन दादांचा प्लॉट खात असती, तर मी धावत जाऊन ती वही काढली असती, हेही तितकंच खरं आहे. रेघ आमच्या बाजूची होती म्हणून मला ती बरोबर वाटली.

बेचाळिसांचे सव्वीस होऊन नकाशा मंजूर झाला. सेक्रेटरी पेढे घेऊन घरी आले. पहिला पेढा दादांच्या हातावर ठेवून मोठ्याने म्हणाले, "लेक असावी तर अशी. बापापुरती बरोबर वळवली रेघ!" त्यांनी ते कौतुकानेच म्हटलं होतं. त्यांच्या लेखी पूररेषा म्हणजे कचेरीतल्या लोकांची मर्जी. पाण्याशी तिचा काही संबंध असेल असं सोसायटीत कुणालाच वाटत नव्हतं.

दादांनी पेढा तोंडात घातला नाही. सेक्रेटरी गेल्यावर मला समोर बसवून विचारलं, "रेघ वळवली का?"

मला इतका राग आला की कान तापले. "नाही," मी म्हटलं. "रेघ जिथं आहे तिथंच आहे. मी फक्त शाईनं काढली."

"जागा कोरडी हाय ना ती? पक्कं?"

"पक्कं."

"मग ठीक," दादा म्हणाले.

आठवड्याने त्यांनी सोसायटीला अर्ज दिला. सतरा नंबर मावशींच्या नावे करावा, मला नको. घरात कुणाला विचारलं नाही. आईने ताट आपटलं नाही, रडली नाही, ती फक्त म्हणाली, "ती काठी तरी काढून आणा तिथली." आणि दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. मी मात्र भांडले. दादांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुझं खरं हाय, मला ठाव हाय. पर लोकं म्हणत्यात, पोरीनं बापाला वाचवलं. तुझ्या नोकरीला डाग नको. आन् त्या बाईचा प्लॉट माझ्या तोंडानं गेला. जागा कोरडी हाय म्हणून तिला देतोय. बुडीत असती तर दिली नसती."

त्यांनी माझ्या शब्दावर गेज लावलं नाही. आयुष्यात तेवढीच एक वस्तू त्यांनी न तपासता पास केली असेल.

मावशींनी हळूहळू घर उभं केलं. दोन खोल्या, मागे पडवी, दारात तुळस. वास्तुशांतीला त्यांनी आम्हाला पहिल्या पंगतीला बसवलं आणि स्वतः वाढलं. तिथून दर दिवाळीला एक डबा आमच्या भाड्याच्या खोल्यांत यायचा, आणि आई तो रिकामा परत पाठवायची नाही. माझं लग्न झालं, मी शहरातच दुसऱ्या टोकाला राहायला गेले. नोकरी चालू होती. उताराला वस्ती वाढत होती. सतरा नंबरच्या शेजारचे दोन्ही प्लॉट मात्र अजून रिकामे होते.

मधली काही वर्षं नदी गप्प होती. मग ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर एका पावसाळ्यात वरच्या धरणाची दारं उघडली आणि भरदुपारी गंगा वाढायला लागली. पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं, छातीला लागलं, अशा बातम्या कचेरीत येत होत्या. नाशिकात पूर असाच मोजतात. मला काळजी वाटली नाही. आमच्या रेघेला अजून बराच अवकाश होता.

दुसऱ्या दिवशी समजलं की सोसायटीतल्या सगळ्या घरांपैकी एकाच घरात पाणी शिरलं.

मी गेले तेव्हा मावशी गुडघाभर गाळात उभ्या राहून भांडी काढत होत्या. नदीचं पाणी समोरून आलंच नव्हतं. नदी वाढली तसं नाल्याचं पाणी तुंबून मागे फिरलं आणि मागच्या पडवीतून घरात आलं. पडवीची भिंत पडली होती. मुलीच्या लग्नासाठी शिवून ठेवलेली गादी फुगून दारात अडकली होती. सगळ्याला त्या कुलंटचा वास होता. मागच्या उभ्या भिंतीवर, माझ्या खांद्याच्या उंचीला, मावशींनी सकाळीच शेंदराचं बोट ओढून ठेवलं होतं, आणि खाली गाळात नारळ ठेवला होता.

ते शेंदराचं बोट बघितल्यावर मला पुढचं सगळं कळलं. तरी मी कचेरीत जाऊन वही काढली. दहा पावलं चालले, कपाट उघडलं. मोजणीदाराच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: नाल्याने आत, उंबराखाली शेंदराचा दगड, पाणी इथवर. खाच खरी होती. कुणाचा हात हलला नव्हता. हेड ड्राफ्ट्समन निवृत्त होऊन गेले होते. नव्या साहेबांपुढे मी वही ठेवली, ते म्हणाले, "दुरुस्ती करून घ्या." मी ब्लेडने माझी सुंदर रेघ खरवडली आणि खाच पुन्हा काढली. तासाभराचं काम होतं. रिकामे दोन प्लॉट बांधकामाला बंद झाले. सतरा नंबरवर घर आधीच उभं होतं.

त्या संध्याकाळी मी माहेरी जाऊन दादांना सगळं सांगितलं. ते कॉटवर बसून ऐकत होते. मी थांबले तेव्हा त्यांनी विचारलं, "वही बघितली नाय?"

"नाही."

"का?"

"रेघ आपल्या बाजूनं होती, म्हणून."

 कारखान्यातून निवृत्त व्हायला दादांना वर्षभर राहिलं होतं. मग म्हणाले, "माल परत आला. पंच कोणाचा?"

"माझा," मी म्हटलं.

"मग जाऊन सांग तिला. उद्याच."

मी गेले. सांगायचं म्हणूनच गेले, वाक्य जुळवून गेले होते. मावशींनी उन्हात वाळत घातलेल्या गोधडीची घडी करून मला बसायला दिली, स्टोव्ह धुऊन पेटवला आणि कपबशी नव्हती म्हणून पेल्यात चहा दिला. आणि मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "तुझ्या दादांना सांग, जिवाला लावून घेऊ नका म्हणावं. गंगेनं तिचं तिचं नेलं. तुमच्यामुळं निदान घर तरी झालं, नायतर मी कुठं व्हते?"  मी पेला खाली ठेवला, पडवीची पडलेली भिंत बघितली, आणि पाऊस पुन्हा येईलसं वाटतंय असं काहीतरी बोलून उठले. भ्याले. दुसरा शब्द नाही त्याला.

मी माहेरी परतले तेव्हा दादा दारात उभे होते. "सांगितलं?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मग ठीक," ते म्हणाले, आणि आत गेले.

पहिल्या खेपेला मी खरं समजून खोटं बोलले होते. या खेपेला कळून सवरून बोलले. आणि दोन्ही खेपांना त्यांनी तेच दोन शब्द म्हटले. मला वाटलं, सुटले. सुटका अशी वाटते की माणूस त्या दिवशी पोटभर जेवतो. मी जेवले.

पुढचे तीन-चार महिने दादा दर रविवारी सोसायटीत जायचे. मावशींची पडवीची भिंत त्यांनी स्वतः गवंड्याच्या हाताखाली राहून पुन्हा उभी केली, जोतं दोन विटांनी वाढवून घेतलं, मागचं दार बुजवून बाजूला काढलं. मला वाटलं, शेजारधर्म. आईला वाटलं, निवृत्तीनंतर काय करायचं त्याची सवय करतायत. ते घरी येऊन हातपाय धुवायचे आणि जेवायला बसायचे. माझ्याशी कधी तुटक वागले नाहीत. फक्त पूर्वीसारखं माझ्या कामाचं काही विचारायचे नाहीत, आज कुठल्या गावाचा नकाशा होता, कुठली नदी होती, असं. मी ते वयावर घातलं.

निवृत्तीनंतर दोन वर्षांत ते गेले, भाड्याच्या त्याच खोलीत. बुद्धवंदना झाली, माणसं पांगली. मावशी शेवटपर्यंत बसून राहिल्या. आई आत पडली होती. मावशींनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "लय सरळ माणूस गं. त्या पुरानंतर पहिल्याच रविवारी आले, दारातच उभे ऱ्हायले, आत येईनात. म्हणले, मावशी, या जागंला पाणी येतं ते मी न बघता तुमच्या गळ्यात घातली. माझी चूक. पोरीला त्यातलं काय बी ठाव नाय, तिच्याजवळ बोलू नका."

 म्हणजे मी खोटं बोलले हे त्या रविवारीच त्यांना कळलं होतं. मावशींना काहीच माहीत नाही हे दारातल्या पहिल्या दोन वाक्यांत त्यांच्या ध्यानात आलं असणार. आणि तिथून घरी येऊन, पुढची तीन वर्षं, मी माहेरी गेले की ते माझ्या समोर बसून जेवत होते.

"आन् जाताना काय म्हणले," मावशी आठवून सांगू लागल्या, "म्हणले, या घरावर पंच माझा हाय. मला तवापासून कळलं नाय. पंच म्हंजी काय गं?"

मी सांगितलं. कारखान्यात माल तपासणारा माणूस पास केलेल्या नगावर आपला नंबर ठोकतो, त्याला पंच म्हणतात. एवढंच सांगितलं.